मागच्या बाजूची खोली

भौतिकशास्त्र विभागाच्या प्रमुख बाईंना स्वतःची खोली मिळाली, तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून काम केलेलं, त्यामुळे त्या खोलीवर त्यांचा भारी जीव.

त्याच वर्षी विद्यापीठाने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी सरकारकडे निधी मागितला. पाहणीला आलेले अधिकारी म्हणाले, "पैसे देऊ हो, पण रस्त्यावरून ट्रक गेला की तुमची इमारत हादरते. यंत्र ठेवणार कुठे?"

हादरे न पोचणारी खोली एकच होती, मागच्या बाजूची, बाईंची.

"माझ्या खोलीत ठेवा," बाई म्हणाल्या.

निधी मंजूर झाला आणि बाईंचं टेबल जिन्याखाली आलं. नवरा चिडवायचा, "प्रमुख झालीस आणि जिन्याखाली गेलीस!"

"हादरे यंत्राला चालत नाहीत, मला चालतात," त्या हसून म्हणायच्या.

आता लांबलांबच्या कॉलेजांतली मुलं आपापले नमुने तपासायला येतात. परवा एक मुलगी धावतच जिन्याखाली आली. "बाई, बघा ना, मी काढलेला पहिला फोटो!"

बाईंनी तो डोळे भरून पाहिला आणि जिन्यावरून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवला.