चौकशीबाई आणि अर्धी गोळी

आमची ही औषधांच्या दुकानात काउंटरवर असते आणि तिथे तिला सगळे ‘चौकशीबाई’ म्हणतात. हे नाव मी ठेवलेलं नाही, पण ठेवणाऱ्याला मनातल्या मनात शाबासकी दिलेली आहे. तापाची गोळी मागायला आलेल्या माणसाला ही आधी सासूचा गुडघा विचारते, मग मुलीची परीक्षा, मग गोळीकडे वळते. तोवर मागे रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढलेली असते.

नवे मालक वैतागले. म्हणाले, “बाई, काय विचारायचं ते कॉम्प्युटर विचारतो. या महिन्यात रांग आटोक्यात आली नाही, तर तुम्हाला मागे गोदामात बसवीन.” त्या दिवशी ही धड जेवली नाही. दिवसभर खोकी बघायची आणि माणूस दिसायचा नाही, या विचारानेच ती खचली. मला वाईट वाटलं, पण तोंडाने म्हणालो, “बोलणं जरा कमी कर की!” मी तरी कुठला शहाणा!

मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तिशीचा गृहस्थ आला. हातात हिच्या जुन्या गिऱ्हाइकाची, घड्याळवाल्या काकांची डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी, त्यांचं ओळखपत्र, जन्मतारीख तोंडपाठ. “मी पुतण्या. काकांना यायला जमत नाही.” औषध पाठदुखीवरचं, पण जालीम. लोक ते नशेसाठीही घेतात, म्हणून महिन्यातून एकदाच मिळतं. ते याने नेलं असतं, तर काका महिनाभर कण्हत पडले असते. कॉम्प्युटरने सगळं बरोबर दाखवलं. मालक मागेच उभे होते, आणि हिने तर न बोलायचं ठरवलं होतं. पण जित्याची खोड!

“काका अर्धी-अर्धीच घेतात ना? नेहमीसारख्या कापून देऊ?”

“हो हो, द्या कापून.”

तिथेच तो फसला. काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत. गोळी ते स्वतःच्या बारीक करवतीने कापतात, वर दोन्ही तुकडे तोलून बघतात. हिने एकदा कापून देते म्हटलं, तर आठवडाभर रुसले होते.

“आतून घेऊन येते,” म्हणत ही आत गेली, मालकांना खुणेने बोलावलं आणि काकांना फोन लावला. त्यांची पिशवी आठ दिवसांपूर्वी बसमध्ये चोरीला गेली होती, चिठ्ठी-कार्डासकट. “मुलगी म्हणेल म्हातारा विसरभोळा झाला, म्हणून बोललो नाही गं,” असं त्यांनी हळूच कबूल केलं.

मालकांनी पोलिसांना फोन केला. पोलीस येईपर्यंत वीस मिनिटं हिने त्या माणसाला कसं थांबवलं असेल? त्याच्या आईची चौकशी करत! तो काउंटरला टेकून उत्तरं देत राहिला. इतक्या आपुलकीने त्याला बरेच दिवस कोणी विचारलं नसावं.

संध्याकाळी काका स्वतः येऊन गोळ्या घेऊन गेले, अख्ख्या. मालकांनी गोदामाचं नाव काढलं नाही, उलट रांगेतल्या लोकांसाठी दोन खुर्च्या आणून टाकल्या.

जेवताना हिने मला रोजचा प्रश्न विचारला, “अहो, बीपीची गोळी घेतलीत?”

दोन वर्षं मी न चुकता ‘हो’ म्हणतो आहे. त्या दिवशी मात्र लाज वाटली.

“नाही,” मी म्हणालो. “बऱ्याचदा नाहीच घेत.”

“ठाऊक आहे मला,” ही म्हणाली आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. “कधी सांगताय, त्याचीच वाट बघत होते.”