मालकांच्या हातातला मासा

काल नातवाला घेऊन आमच्या टॉवेलच्या जुन्या कारखान्यात गेलो. ऑफिसात शिरताच रंगखात्याचा तोच आंबूस वास आला आणि भिंतीवरचा फोटो दिसला: होडीत उभे मालक, हातात लांबलचक मासा.

सत्तर-बहात्तरची गोष्ट असेल. मी तिथं रंगारी होतो. मालकांना हौस आली, रत्नागिरीला जाऊन खोल समुद्रात गळ टाकायची. सामान उचलायला मला नेलं. दुपारी मालकांना बोट लागली, ते आडवे झाले आणि गळाची काठी माझ्या हाती आली. तेवढ्यात तिला जबर ओढ बसली. अर्धा तास झुंजून मी मासा वर घेतला. पाठ निळी-हिरवी, पोट पिवळंधमक. असा झळझळीत रंग माझ्या पिंपातनं कधी निघाला नव्हता. पण बघता बघता तो विझला, मासा राखेसारखा करडा झाला.

फोटोच्या वेळी मात्र मालक उठले. "आण की हिकडं. तू लिंगायत, गळ्यात लिंग. मासा धरलास हे आईला कळलं तर घरात घेईल का तुला?"

केवढी ही काळजी माझी! मीही मासा दिला आणि बाजूला सरकलो.

आई जाऊन तीस वर्षं झाली. काल नातवानं विचारलं, "आजोबा, एवढा मासा यांनी धरला?"

"व्हय की," मी म्हणालो. भ्यायला आता घरात कुणी नव्हतं, तरी तोंडातनं तेच निघालं.