सत्तेचाळीस चाव्या, एकच गाळा

नाव : शांताराम केशव राऊत. वय : अठ्ठावन्न. राहणार : वटार, तालुका वसई, जिल्हा पालघर. शिक्षण : बी. कॉम., दुसऱ्या वर्षापर्यंत. स्थावर मालमत्ता : वडिलोपार्जित वाडी, क्षेत्र अडतीस गुंठे, विहीर एक. जंगम मालमत्ता : स्कूटर एक. व्यवसाय : प्रारूप प्रादेशिक अहवालाच्या परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे, 'औद्योगिक जागांच्या मागणी व पुरवठ्याचा स्थानिक जाणकार (माहितीदाता क्रमांक ३)'.

वालीवमध्ये त्यांना एजंट म्हणतात.

वालीव हा वसई पूर्वेचा कारखान्यांचा पट्टा, तिथे गाळ्यांची कमतरता नाही. एका शेडमध्ये आठ गाळे, अशा शेडच्या रांगा. एकात बकल, शेजारी प्लास्टिकचे डबे, त्याच्या शेजारी डबे भरायचे खोके. हे गाळे भाड्याने लावून देणारे चौदा एजंट तिथे आहेत आणि त्यांतले सर्वांत जुने शांतारामभाऊ. सव्वीस वर्षं ते एक वाक्य बोलत आले आहेत. गाळा आहे का, असं विचारलं की ते आधी घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "एकच आहे. तोही संध्याकाळपर्यंत राहील असं वाटत नाही."

टाळेबंदीत अख्खं वालीव बंद होतं, रस्त्यावर कुत्रीसुद्धा कंटाळली होती, तेव्हाही फोनवर त्यांनी हेच सांगितलं. सवय इतकी मुरली की पुतणीसाठी स्थळ सुचवतानाही ते म्हणाले, "मुलगा एकच आहे, तोही..." आणि पुतणीच्या आईने फोन ठेवला.

या वाक्याच्या जोडीला त्यांची एक पद्धत होती. रिकामा गाळा रिकामा दिसला की भाडं पडतं, हे त्यांना धंद्याच्या पहिल्या वर्षी कळलं. म्हणून ते रिकाम्या गाळ्याचं शटर गुडघाभर वर ठेवायचे, आत एक दिवा लावायचे आणि उंबऱ्याशी चपलांचे दोन-तीन जोड काढून ठेवायचे. चपला घरच्या, मेव्हण्याच्या, लग्नाच्या हॉलवर राहून गेलेल्या. दर सोमवारी स्कूटरवरून फिरून ते जोड या गाळ्याचे त्या गाळ्याला हलवायचे. बाकीच्या तेरा एजंटांनी ही पद्धत उचलली. त्यामुळे वालीवमध्ये मंदी आली तरी ती कुणाच्या नजरेला पडत नसे.

दोन वर्षांपूर्वी वालीवमध्ये ऋतिका नावाची मुलगी आली. प्रदेशात येत्या वीस वर्षांत रोजगारासाठी जमीन किती लागेल आणि आज ती किती उपलब्ध आहे, याचा अभ्यास एका सल्लागार संस्थेला मिळाला होता आणि संस्थेने तो ऋतिकाला दिला होता. तिच्या हातात टॅब होता, गळ्यात ओळखपत्र होतं आणि प्रश्नावली अकरा पानी होती.

"काका, सध्या तुमच्याकडे टोटल किती गाळे व्हेकंट आहेत?"

शांतारामभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. "एकच."

"शुअर?"

"तोही संध्याकाळपर्यंत राहील असं वाटत नाही. कुणासाठी बघताय?"

"कुणासाठी नाही. सर्व्हेसाठी."

"बरं. सर्व्हेला किती स्क्वेअर फूट लागेल?"

ऋतिकाने हे टिपून घेतलं नाही. पुढचा प्रश्न मागणीचा होता. रोज किती जण विचारायला येतात? शांतारामभाऊ म्हणाले, पंधरा-वीस. हे मात्र खरं होतं. ज्याला गाळा हवा असतो तो चौदाही एजंटांकडे जातो, आणि प्रत्येक एजंट त्याला स्वतःचं गिऱ्हाईक समजतो.

ऋतिका प्रामाणिक होती. एकट्याच्या शब्दावर विसंबायचं नाही म्हणून ती चौदाही जणांना भेटली. तेरा जणांनी 'एकच' सांगितलं. ज्युड नावाच्या एजंटने 'दोन' सांगितलं. तो धंद्यात नवीन होता. मग ती स्वतः गल्लीगल्ली फिरली, गुडघाभर वर असलेली शटरं पाहिली आणि चपलांच्या जोडांवरून मनुष्यबळाचा अंदाज बांधला. हिशेब जुळला. पुरवठा पंधरा गाळे, मागणी रोजची दोनशे ऐंशी. एवढी तफावत तिच्या संस्थेने आजवर कुठल्याच तालुक्यात पाहिली नव्हती.

अहवाल आला तो एका रविवारी, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शांतारामभाऊ ओटीवर बसून तो मोठ्याने वाचत होते आणि जयवंतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, समोर वाडीतल्या फुलांच्या पुड्या बांधत होत्या.

"ऐक. 'माहितीदाता क्रमांक तीन यांच्या मते जागेची टंचाई तीव्र असून उपलब्ध जागा त्याच दिवशी संपुष्टात येते.' माहितीदाता तीन म्हणजे मी."

"बरं."

"बरं काय? सरकारी कागदात आलोय."

"पुढे वाचा."

पुढे नकाशा होता. पूर्वेला वालीव नेहमीसारखं जांभळं होतं, कारण नकाशात उद्योगाचा रंग जांभळा. पण पश्चिमेला, वाड्यांच्या हिरव्या पट्ट्यात, एक नवा जांभळा तुकडा होता. शांतारामभाऊंनी तो दोन बोटांनी मोठा केला. आणखी मोठा केला. विहीर दिसली.

"ही कुणाची वाडी?" वहिनींनी मान वाकडी करून विचारलं.

"आपली."

"जांभळी का?"

"वालीवमध्ये जागा नाही ना. म्हणून टंचाई भरून काढायला इथे आरक्षण टाकलंय. रोजगार भूमी म्हणतात."

"वालीवमध्ये जागा नाही, असं कोण म्हणालं?"

शांतारामभाऊंनी चहाचा कप उचलला, संपवला, खाली ठेवला आणि रिकामा कप परत उचलून पुन्हा प्यायले.

"अहो, मी काय विचारते?"

"एकच म्हणालो मी. नाहीच असं नाही म्हणालो."

वहिनी उठल्या, आत गेल्या आणि खुंटीवरचा चाव्यांचा जुडगा आणून त्यांच्या पुढ्यात टाकला. रिकाम्या गाळ्यांच्या चाव्या मालक एजंटाकडे ठेवतात. प्रत्येक चावीला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. वहिनींनी मोजल्या. सत्तेचाळीस.

"ही वाडी माझ्या सासऱ्यांनी जांभा फोडून केलीय," त्या म्हणाल्या. "सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. तुमच्या एका शब्दावर जायची नाही ती. सुनावणी कधी आहे?"

सुनावणी पुढच्या महिन्यात होती. हरकत लेखी द्यायची होती, आणि शांतारामभाऊंनी ती तीनदा लिहिली. पहिल्या मसुद्यात पर्यावरण होतं, दुसऱ्यात भावना होत्या. तिसऱ्यात एकच ओळ होती : 'पुरवठ्याचा आकडा चुकीचा आहे. तो मी दिला होता.' वहिनींनी तिसरा मसुदा पाकिटात घातला.

बातमी वालीवला पोहोचायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळी स्टॅनी दारात उभा. स्टॅनी वसईतल्या होळी गावचा, वालीवमध्ये त्याच्या दोन शेड, आणि सत्तेचाळीसातल्या नऊ चाव्या त्याच्या.

"शांताराम, तू वेडाबिडा झालास काय? तू तिथे जाऊन बोलणार गाळे रिकामे पडलेत, आणि दुसऱ्या दिवशी माझे भाडेकरू बोलणार, स्टॅनीभाय, भाडं कमी करा. मी काय सांगू त्यांना?"

"माझी वाडी जातेय, स्टॅनी."

"जातेय म्हणजे काय लगेच जातेय? सरकारी काम आहे. तुझ्या नातवाच्या वेळेला जाईल."

"तुझी मळ्याची जमीन दे मग त्यांना. तीही तिकडेच आहे."

"माझी हिरवी आहे, बाबा. देवाची कृपा." स्टॅनीने वर पाहिलं. "हे बघ, तुझ्या वाडीसाठी मी नोव्हेना करतो. नऊ दिवस प्रार्थना, चुकवणार नाही. पण सुनावणीत तोंड उघडलंस, तर दहाव्या दिवशी माझ्या चाव्या परत. आणि मी एकटा नाही, सगळे मालक तेच बोलतायत."

वहिनी आतून म्हणाल्या, "स्टॅनीभाऊ, चहा घेणार?"

"नको वहिनी. याच्या हातचा असेल तर एकच कप असेल."

सुनावणीला तीनशेहून अधिक हरकती होत्या आणि प्रत्येकाला दोन मिनिटं. समितीतर्फे बसलेले अधिकारी सकाळपासून आजोबा, विहिरी आणि आंब्याची झाडं ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कीर्तनाला जबरदस्तीने बसवलेल्या माणसाची सहनशीलता होती. शेजारी ऋतिका लॅपटॉप घेऊन बसली होती.

"बोला, राऊत."

"साहेब, अहवालात माझ्याकडे एकच गाळा रिकामा आहे असं लिहिलंय. ते चूक आहे."

"कुणी दिली ही माहिती?"

"मी."

अधिकाऱ्यांनी प्रथमच मान वर केली. "म्हणजे तुम्ही शासनाला खोटं सांगितलं?"

"खोटं नाही साहेब. धंद्याचं सांगितलं."

"फरक काय?"

"खोटं मुद्दाम बोलतात."

एवढं बोलून त्यांनी जुडगा टेबलावर ठेवला. पुठ्ठ्याच्या सत्तेचाळीस चिठ्ठ्या कागदपत्रांवर पसरल्या आणि पाण्याचा ग्लास कलंडता कलंडता राहिला.

"सर, पण आम्ही ग्राउंडवर व्हेरिफाय केलंय," ऋतिका म्हणाली. "हे बघा, गाळा नंबर चौदा. तीन वर्कर."

"पाहिलेत तुम्ही कामगार?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"शटर हाफ ओपन होतं, लाइट चालू होता, आणि बाहेर फुटवेअर होतं. तीन पेअर."

"त्यातला एक जोड माझ्या मेव्हण्याचा आहे," शांतारामभाऊ म्हणाले. "अंगठा तुटलेला. दुसरे दोन माझे."

ऋतिकाने लॅपटॉपवर पुढची नोंद उघडली. "आणि नंबर एकवीस? तिथे पाच जण होते."

"त्या वर्षी दिवाळीत आम्ही सगळे जुने जोड एकवीसला नेऊन टाकले होते," वहिनी मागून म्हणाल्या. "घर झाडायला घेतलं होतं."

सभागृहात हसू उसळलं. अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवलं. चाव्या हा पुरावा मानावा की नाही, याबद्दल नियमावली गप्प होती. शेवटी ठरलं की समिती प्रत्यक्ष पाहणी करील. आधी वालीव, मग वटार.

पाहणी एका मंगळवारी झाली. शांतारामभाऊ पुढे, जुडगा हातात. मागे अधिकारी, ऋतिका, आणि सातबाऱ्यावर नाव असल्यामुळे जयवंतीवहिनी. गल्लीच्या तोंडाशी काही मालक हाताची घडी घालून उभे होते, त्यांत स्टॅनी. पहिलं शटर वर गेलं. आत धूळ आणि सहा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. दुसऱ्यात मांजरीची चार पिल्लं. तिसऱ्यात काहीच नाही, तेही फार दिवसांपासून. ऋतिका प्रत्येक ठिकाणी आधी चपला मोजायची, मग आत डोकावायची, आणि मग टॅबवर काहीतरी खोडायची.

अकराव्या गाळ्यात मात्र अधिकारी थबकले. गाळा खरंच चांगला होता. उंच छत, दोन बाजूंनी उजेड, टेम्पो थेट आत येईल असा दरवाजा. त्यांनी भिंतीवर हलकेच थाप मारली आणि आवाज खाली आणून विचारलं, "माझे साडू पॅकेजिंगचं काम करतात. त्यांना असा हवाय. असे किती असतील हो?"

शांतारामभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं.

"एकच आहे, साहेब. तोही संध्याकाळपर्यंत राहील असं वाटत नाही."

बाहेर स्टॅनीच्या चेहऱ्यावर महिन्याभरात प्रथमच आशा दिसली. ऋतिकाचं बोट टॅबवर अधांतरी थांबलं. अधिकारी हळूच म्हणाले, "एकच?"

शांतारामभाऊंनी जुडगा या हातातून त्या हातात घेतला. सव्वीस वर्षांत खरा आकडा एवढ्या मोठ्याने, गिऱ्हाइकासमोर, मालकांच्या कानावर जाईल असा उच्चारण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

"अहो," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "वाडीकडे बघून सांगा."

वटार तिथून दिसत नाही. तरी शांतारामभाऊंनी पश्चिमेकडे तोंड केलं.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले. आणि एकदा सुटलं तसं सुटलंच. "माझ्याकडे सत्तेचाळीस. बाकीच्यांकडचे धरले तर अडीचशेच्या वर. हा पाच वर्षं रिकामा आहे. पावसात त्या कोपऱ्यात गळतो. शेजारचा याच्यापेक्षा बरा आहे आणि साडूंना म्हणावं, भाडं घासाघीस करून घ्या."

एजंटाच्या तोंडून आपल्याच गाळ्याची गळती ऐकण्याचा हा वालीवमधला पहिलाच प्रसंग असावा. अधिकाऱ्यांनी आकडा स्वतःच्या हाताने लिहून घेतला. शेजारच्या गाळ्याचा नंबरही लिहून घेतला, पण वेगळ्या कागदावर.

समिती वटारला पोहोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. वाडीत सामसूम होती. अधिकाऱ्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं, शहाळं प्यायले आणि अकरा मिनिटांत पाहणी आटोपली.

पाहणीनंतर दहाव्या दिवशी स्टॅनीने आपल्या नऊ चाव्या मोजून परत नेल्या. त्याच्या पाठोपाठ आणखी पाच मालक आले. "नोव्हेना पूर्ण केली मी," जाताना स्टॅनी म्हणाला. "ती वाया जाणार नाही, एवढंच वाईट वाटतं."

शांतारामभाऊंचा जुडगा आता पँटच्या खिशात मावतो. धंदा बसला, असं ते स्वतः सांगतात. बोलण्याची सवय मात्र पूर्ण सुटलेली नाही. परवा कुणीतरी गाळा विचारायला आलं, तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग वहिनींकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेवीस आहेत. संध्याकाळपर्यंत सगळे राहतील."

अंतिम आदेश गेल्या महिन्यात आला. वहिनींनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे ठेवला आहे. त्यात म्हटलं आहे : 'मौजे वटार येथील सदर अडतीस गुंठे क्षेत्राची समक्ष पाहणी केली असता, तेथे कोणताही रोजगार अस्तित्वात नसल्याचे तसेच नजीकच्या भविष्यात रोजगारनिर्मितीची शक्यता नसल्याचे निदर्शनास आले. सबब सदर क्षेत्र रोजगार भूमीच्या प्रस्तावातून वगळण्यात येत आहे.'

त्या वाडीत रोज सकाळी सात बायका कामाला येतात आणि बाराला घरी जातात.