शांतिकाकांनी दिलेला माईक

शांतिकाका गेल्याचं मला त्यांच्या सुनेनं, कविताभाभींनी, फोनवर सांगितलं. "सकाळी दुकान उघडलं, खुर्चीत बसले आणि... बसूनच राहिले," एवढंच त्या म्हणाल्या. मी नाशिकला रेडिओ केंद्रात निवेदिका आहे. थोड्याच वेळात माझा कार्यक्रम होता, तो मी केला. काय बोलले ते आठवत नाही.

काकांचं शहाद्यात मांडव-लाऊडस्पीकरचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, घरात मारवाडी, पण गिऱ्हाइकाशी अहिराणी. माझं वसतिगृह त्यांच्याच गल्लीत होतं. मी धडगावकडच्या पावरा आदिवासी घरातली, तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मला निवेदिका व्हायचं होतं. पुण्याच्या एका स्टुडिओनं इंटर्नशिपला निवडलंही होतं, पण मानधन नाही आणि राहायचं आपलं आपण. वडील नको म्हणाले नाहीत, घरातले पैसे मात्र दोनदा मोजले. मग मीच येत नाही म्हणून कळवलं. त्याच आठवड्यात कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी स्पीकर सांगायला दुकानात गेले, तेव्हा काकांनी तोंड का उतरलंय ते विचारलं. मी सांगितलं. वायरीचं वेटोळं करता करता ते म्हणाले, "तुले बोलाले शिकनं शे ना? मंग सारंगखेडाले चल. तठे माईक शे, लोके शेतस. आजून काय पाहिजे?"

सारंगखेड्याच्या यात्रेत, जिथे मोठा घोडेबाजार भरतो, माईकवरून सूचना देण्याचं काम त्यांच्याकडे असायचं. मला त्यांनी मंडपात बसवलं आणि स्वतः बाजूला ॲम्प्लिफायरपाशी बसले. पहिल्या दिवशी माझा आवाज एवढा चढला, की जवळ बांधलेली घोडी बिथरली. काका हसले नाहीत. "गर्दीशी नको बोलू," म्हणाले, "एका माणसाशी बोल." दुसऱ्या दुपारी पोलिसांनी एक हरवलेली चिमुरडी आणून सोडली. रडून रडून तिचा घसा बसला होता आणि मराठीत काही विचारलं की ती आणखी आक्रसायची. मी तिला जवळ घेऊन आमच्या पावरी बोलीत विचारलं. नाव आलं, गाव आलं... आई कुठे, ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. मी मराठीत पुकारलं, काकांनी अहिराणीत पुकारलं. ऊन उतरलं तरी कोणी आलं नाही. पोर माझ्या मांडीवरच झोपली. तेव्हा काका म्हणाले, "पोरी, तुन्ही बोलीमा सांग." घरात बोलतो ती भाषा मी कधी माईकवर ऐकलीच नव्हती. त्यांनी आवाज वाढवला आणि मी त्या आईशी बोलले, शेजारच्या घरातल्या बाईशी बोलावं तशी. तुझी लेक इथे आहे, जेवली आहे, झोपली आहे.

थोड्या वेळानं एक पोलीस हवालदार त्या बाईला घेऊन आले. त्यांनी सांगितलं, घोडेबाजाराच्या टोकाला एका खांबाखाली उभी राहून ती वरच्या भोंग्याला उत्तरं देत होती, 'थांब, मी आलेच' असं सांगत होती. तिनं लेकीला उचललं, मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. काका उठून बाहेर गेले, बराच वेळ आले नाहीत.

पुढे रेडिओच्या मुलाखतीत अनुभव विचारला, तेव्हा मी यात्रेचं सांगितलं. समोरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एका बाईंनी चौकशीसाठी काकांना फोन केला. काका काय म्हणाले हे त्या बाईंनी मला नोकरी लागल्यावर सांगितलं: "ती बोलस, तं लोक येतस." त्यानंतर माझं ऐकून काकांकडे दरवर्षी कॉलेजची मुलं येऊ लागली. कोणी वायरिंग शिकलं, कोणी लग्नाच्या मांडवाची आखणी. ज्यांना शिकायला मोठ्या शहरात जाणं जमणार नव्हतं, त्यांना काका आपल्याबरोबर टेम्पोत कामावर घेऊन जायचे.

उठावण्याच्या शोकबैठकीसाठी शहाद्याला आले, ती आटोपल्यावर दुकानात गेले. भाभी काकांच्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसल्या होत्या. दुकान चालवायचं की नाही, हे घरात ठरत नव्हतं. आम्ही बोलत असतानाच मोलगीकडची एक मुलगी दारात आली. कॉलेजची बॅग खांद्यावर, जीपच्या धुळीनं केस पांढरे. "शांतिकाका आहेत का? काम शिकायचं होतं." काका गेल्याचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. भाभींनी माझ्याकडे पाहिलं. दुकानात कोणीही आलं की काका आधी माठाकडे बोट दाखवायचे, मग कामाचं बोलायचे. भाभींनी माठाकडे बोट दाखवलं.

"आधी पाणी पी," त्या म्हणाल्या. "मग बोलू."