बारा टनांचा पूल

कोल्हापुरातल्या एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी पंधरा वर्षं गाड्यांचे मार्ग ठरवत होतो. कुठली बस कुठल्या घाटानं न्यायची, हे ड्रायव्हर मला विचारत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मालकांनी टपावर एसी असलेली उंच, जड गाडी आणली आणि तिच्यापाठोपाठ सिव्हिलचा डिप्लोमा केलेली एक मुलगी कामाला ठेवली.

ती ऐकीव मार्ग लिहीत नसे. लुनावरून स्वतः जायची, मोजायची टेप लावायची. वेशीची कमान किती उंच, तार कुठे लोंबते, कुठल्या पुलावर वजनाचा फलक आहे, सगळं टिपून घ्यायची. महिन्याभरात ड्रायव्हर माझं टेबल ओलांडून तिच्यापाशी थांबायला लागले. "ताई, जोतिबाला उंच गाडी कुठनं चढवू?" हे कानावर आलं की मी हातातला चहा तसाच ठेवून देई. तिचे वडील रस्त्याच्या कामावर मजूर होते. त्यावरूनही माझ्या मनात वाकडं यायचं, हे लिहिताना आज लाज वाटते.

एकदा आजऱ्याला लग्नाचं वऱ्हाड न्यायचं होतं. मधल्या रस्त्यावरच्या जुन्या दगडी पुलावर बारा टनांची मर्यादा आली होती, म्हणून तिनं लांबचा मार्ग लिहून दिला. ती घरी गेल्यावर मी ड्रायव्हरला म्हणालो, "मधल्या रस्त्यानं काढ. अर्धा तास वाचंल."

"ताईंनी नको म्हणून लिवलंय की."

"ताई काल आल्या. त्या पुलावरनं मी किती गाड्या धाडल्यात, तुला ठावं न्हाय व्हय?"

त्या गाड्या जुन्या आणि हलक्या होत्या. मला ते कळत होतं. तरी बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला, तो तिनंच उचलला. पुलाच्या तोंडाशी नवी लोखंडी कमान उभी होती आणि गाडीचा टप तिच्याखाली मावत नव्हता. दोन्ही बाजूंना ऊस, वळायला जागा नाही. चाकातली हवा सोडून गाडी खालनं काढू का, असं ड्रायव्हर जवळच्या वस्तीवरच्या फोनवरून विचारत होता.

"अजिबात नको. जड गाडी अडवायलाच ती कमान लावलीय. आधी सगळ्यांना खाली उतरवा. मागं अर्ध्या मैलावर भातगिरणी हाय, तिच्या अंगणात गाडी वळती. मागं दोन माणसं चालवा आणि तिथवर सावकाश रिव्हर्स घ्या."

वऱ्हाडाची काळजी वाटायला हवी होती. मला झोंबली ती भातगिरणी. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन, पण गाडी वळवायची वेळ आली तर कुठे, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मालक आले. "मधनं कुणी धाडली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मालक, आधी गाडी निघू दे."

तासाभरानं पुन्हा फोन आला. रिव्हर्स घेताना मागचं चाक उसाच्या चरीत घसरलं होतं. गाडी रिकामी होती म्हणून निभावलं. ट्रॅक्टरनं ओढून काढली. कुणाला खरचटलं नाही, पण मुहूर्त टळला.

"मालक, मी धाडली," मी म्हणालो.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "उद्यापासनं हिच्यासंगं जा. टेपचं दुसरं टोक धर."

मी धरलं. राधानगरीच्या वाटेवर भर पावसात एका पुलाची रुंदी मोजताना तिला विचारलं, "हे सगळं सुचतं कसं तुला?"

"वडील फलक रोवायचे, दादा. तो कशासाठी रोवलाय, ते घरी येऊन सांगायचे."

मला त्या बापाचाही हेवा वाटला. माझ्या घरी शेत होतं, गोठा होता, पण दिवसभराचं काम असं कुणी मला समजावून सांगितलं नव्हतं.

काही वर्षांनी तिला सरकारी नोकरी लागली. निरोपाला सगळे ड्रायव्हर आले, त्यातल्या दोघांचे डोळे भरले. मी पेढा खाल्ला आणि मनात म्हणालो, सुटलो. दुसऱ्याच दिवशी एका ड्रायव्हरनं मला नव्या रस्त्याबद्दल विचारलं. उत्तर ओठावर तयार होतं. पण म्हणालो, "थांब जरा, बघून येतो," आणि स्कूटर काढली. माझ्या जागी ती असती तर आदल्या आठवड्यातच जाऊन आली असती, हा विचार वाटभर सलत राहिला.