जंगलाच्या वैऱ्याचा धडा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. ज्यांच्याविषयी आहे ते आता राहिले नाहीत, म्हणून लिहितो आहे. की ते राहिले नाहीत म्हणूनच धाडस झाले?

जालन्याला खेड्यांतल्या मास्तरांचा शिक्षणवर्ग भरतो, तिथे मी शिकवतो. मुलांना झाडे, जंगल, पाऊसपाणी कसे समजावून द्यावे, हा माझा विषय. आणि खरे सांगू? मला झाडे ओळखता येत नव्हती. पुस्तकातली चित्रे तेवढी येत होती. धावडा कोणता, सालई कोणती – हे मला राजूरकडच्या डोंगरात मेंढरे चारणाऱ्या मल्हारीबाबांनी शिकवले. दोन उन्हाळे मी त्यांच्यामागून हिंडलो. साल नखाने खरवडून ते माझ्या नाकाशी धरत. "वास घ्या मास्तर, वाचू नका," म्हणत आणि हसत. मेंढरांसाठी फांदी तोडत ती डोळा, म्हणजे नवा फुटवा येण्याची जागा, राखून. पुढल्या साली तिथेच पाला फुटलेला मी पाहिला आहे. हे मुद्दाम सांगतो. मला माहीत नव्हते, असे कुणाला वाटू नये.

मग शिक्षणखात्याच्या साहेबांनी नमुन्याचा धडा मागितला. डोंगर उघडे का पडले, ते मुलांना रोज दिसणाऱ्या उदाहरणाने सांगा, म्हणाले. उदाहरण होते. जंगलतोडीच्या ठेकेदाराच्या लाकडांनी भरलेल्या गाड्या आमच्या वर्गाच्या खिडकीखालूनच स्टेशनाकडे जात. पण ठेकेदाराची साहेबांकडे ऊठबस – आणि माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती. मी काय लिहिले? 'मेंढपाळ हा जंगलाचा वैरी आहे. त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड असते.' ठेकेदाराला वगळा, असे साहेब म्हणाले नव्हते. मेंढपाळ घाला, असेही नाही. ती निवड – माझी.

मास्तरांनी धडा उतरवून घेतला, आपापल्या गावी नेला. पुढल्या वर्षी नवे आले, त्यांनीही नेला. मला तो बदलता आला असता का? पहिल्या वर्षी, हो. नंतर खात्याने तो नेमून दिला आणि माझ्या हातात राहिला नाही.

एका बाजाराच्या दिवशी मल्हारीबाबा दारात आले.

"मास्तर, गावोगावची पोरं मला पाहून वरडून राह्यलेत, जंगलाचा वैरी आला म्हून. मेंढरांला खडे मारतेत. इचारलं तर म्हन्ले, साळंत शिकिवलं. तुमी तर मास्तरांचे मास्तर. कुनी लिव्हलं असंल वो हे?"

"माहीत नाही, बाबा."

"बराबर हाय. तुमाला कसं म्हाईत असनार? पन पोरांला झाडांची नावं बराबर येतेत का?"

"येतात."

"मंग झालं," म्हणाले. पाणी प्याले आणि गेले.

गेल्या महिन्यात ते वारले. दहाव्याला मी गेलो. त्यांच्या बायकोने मला पुढे बसवले, जमलेल्यांना सांगितले, "ह्येच ते मास्तर. ह्यांच्यावर त्यांचा लई जीव व्हता." मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटले. दुःख होतेच – पण तेवढेच होते का?

परवा नवा वर्ग भरला. नेमलेल्या धड्यांत तो धडा आहे. मी तो वाचला – सावकाश, सगळ्यांना नीट उतरवून घेता यावा म्हणून.