मापातलं पाणी

मापवाल्या सिस्टर तहानलेल्या माणसाच्या डोळ्यांत सरळ बघून ‘न्हाई’ म्हणत. भिंतीकडं बघत नसत, कामाचं निमित्त काढून सटकत नसत, ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून दुसऱ्यावर ढकलतही नसत. खाटेजवळ उभं राहायचं, रोग्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि सांगायचं, “आत्ता न्हाई. चार वाजता. तीस मिली.” तेही ऐन दुष्काळात. तहानेला ‘नाही’ म्हणणं हे आमच्याकडं साध्या दिवसांतही पाप समजतात, मग त्या दिवसांत काय समजत असतील ते सांगायला नको.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कलेक्टर आले, पाट्या रंगल्या, कचेऱ्या उघडल्या. पाणी तेवढं आलं नाही. नळ आठ-दहा दिवसांनी एकदा सुटायचा आणि तोही खोकूनच गप्प व्हायचा. नव्या जिल्ह्याचा मान म्हणून आमच्या दवाखान्यात हृदयरोग्यांसाठी सहा खाटांची वेगळी खोली केली होती. एक ईसीजीचं यंत्र, वीज असेल तर चालणारा एक मॉनिटर, ऑक्सिजनची दोन नळकांडी आणि इन्चार्ज म्हणून नांदेडहून बदलून आलेल्या सिस्टर. मी रेणापूरजवळच्या खेड्यातली, कोर्स संपवून पहिल्याच नेमणुकीवर आलेली. सिस्टर पोरींना नावानं हाक मारतच नसत, गावानं मारत. मी ‘रेणापूर’ झाले ती कायमची.

त्यांच्या खिशात तीस मिलीचं काचेचं माप असे, रेघा मारलेलं. नाव पडलं ते त्यावरून. रोज सकाळी सात वाजता, ज्याचं हृदय थकून छातीत पाणी धरत होतं अशा प्रत्येक रोग्याच्या उशाशी त्या एक बाटली भरून ठेवत. कुणाची आठशे मिलीची, कुणाची हजाराची. दिवसभराचं पाणी तेवढंच. चहा, दूध, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातून वजा. आत किती गेलं आणि लघवीवाटे बाहेर किती पडलं, ह्याचा तक्ता खाटेला अडकवलेला. आम्ही नव्या पोरी लघवी मोजताना नाक मुरडायचो. सिस्टर मात्र भरलेलं भांडं खिडकीजवळ उजेडात धरून, सराफानं सोनं बघावं तशा बघायच्या. “चारशे! बघ रेणापूर, आज गडी सुटला,” म्हणताना त्यांचा चेहरा उजळायचा. एरवी तो चेहरा उजळलेला मी फारसा पाहिला नाही.

मॉनिटरवर त्यांचा विश्वास नव्हता असं नाही, पण मॉनिटर बघून झाल्यावर त्या नाडी बघतच. तीही पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारी पोर सापडली की तिची खैर नसे. “चुकलेला ठोका नेमका सोळाव्या सेकंदाला आला तर? तो काय तुझ्यासाठी थांबून राहिलाय?” हृदयाचा ठोका आवरणारी ती बारीक पांढरी गोळी देण्याआधी नाडी मोजायची, आणि साठाच्या खाली भरली तर गोळी हातातच ठेवून डॉक्टरांना हाक मारायची, हे त्यांनी मला इतक्यांदा घोकवलं की आजही कुणी हस्तांदोलनाला हात पुढं केला तर माझी बोटं आधी मनगट शोधतात.

नातेवाईकांना समजावण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. “तुमच्या विहिरीला पाणी न्हाई ना? बरं. समदीकडं दुष्काळ हाय, ह्यांच्या फुप्फुसात तेवढा पूर आलाय. मोटर अर्धी जळाली. आता वरून अजून पाणी सोडलं तर ते जाईल कुठं?” शेतकरी माणसाला मोटर लगेच कळायची. मान हलवायचे सगळे. आणि सिस्टर वळल्या की पदराआडून पेला बाहेर यायचा. टँकरमागं धावून भरलेला हंडा, त्यातलं पाणी आपल्या माणसाला पाजायचं नाही म्हणजे काय? माया दाखवायला लोकांकडं दुसरं होतं तरी काय तेव्हा! सिस्टरना लोक मागून ‘पाणीतोड बाई’ म्हणत. शिपायाच्या बायकोनं हळदीकुंकवाला साऱ्या स्टाफला बोलावलं, त्यांना तेवढं वगळलं. त्यांचा डबा त्या स्टोअरच्या स्टुलावर, दाराकडं पाठ करून, एकट्या खात. दिवाळीला मुद्दाम ड्यूटी मागून घेत. काळीज दगडाचं आहे बाईचं, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हटलेलं आहे. आता त्याची लाज वाटते.

निलंग्याचे एक कापड दुकानदार होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. मोठा झटका येऊन गेला होता, उरलेल्या हृदयाला भार पेलत नव्हता. अप्पा लिंगायत. खाटेवर बसूनसुद्धा रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग ठेवून पूजा करायचे आणि पळीभर पाणी तीर्थ म्हणून घ्यायचे. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, आता सिस्टर आणि देव यांची जुंपणार. सिस्टर पूजा संपेपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या. मग त्यांनी अप्पांची पळी मागून घेतली, पाण्यानं भरली, मापात ओतून पाहिली आणि तक्त्यात लिहिलं, ‘तीर्थ, पाच मिली’. राउंडला आलेले डॉक्टर ते वाचून हसले. सिस्टर हसल्या नाहीत. “देवाचं झालं तरी पाणीच हाय, साहेब. फुप्फुसाला कुठं कळतंय?”

अप्पांचं एकच मागणं होतं, घरच्या आडाचं पाणी. आठव्या दिवशी दुपारी सिस्टर ऑक्सिजनचं नळकांडं बदलून आणायला स्टोअरकडं गेल्या होत्या. तेवढ्यात अप्पांची बायको आली. तिला सगळे अव्वा म्हणत. निलंग्याहून एसटीनं आलेली, मांडीवर सांभाळून आणलेला फिरकीचा तांब्या, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. “आडात लई खाली गेलंय, माय. दोराला दोर बांधून काढलं. तीन दिस झाले, हेच मागून राहिलेत.” अप्पांनी माझ्याकडं बघितलं.

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. पण माझी आईही त्याच दिवसांत उन्हात टँकरची वाट बघत उभी राहायची. एवढ्या लांबून आणलेलं पाणी परत ने, असं त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगू? “दोनच घोट हं अव्वा,” म्हटलं आणि खिडकीपाशी जाऊन चादरींच्या घड्या घालू लागले. पाठ करून. घोटांचा आवाज येत होता, दोन झाले, चार झाले, मी मोजायचं थांबले. वळून बघितलं तेव्हा तांब्या उपडा होता आणि अप्पा मिशा पुसत होते. “जीव थंड झाला,” म्हणाले. मी तक्त्यात लिहिलं, ‘पाणी, ३०’.

तासाभरानं अप्पांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. आडवं होता येईना, खाटेची कड धरून बसले. कपाळावर गार घाम, ओठांवर गुलाबी फेस. सिस्टर धावत आल्या. त्यांनी आधी अप्पांना बघितलं, मग तक्ता बघितला.

“किती पिले?”

“तीस,” मी म्हटलं.

“रेणापूर, तुला बोलायला मला येळ न्हाई. किती पिले?”

“तांब्याभर.”

त्यांनी अप्पांना ताठ बसवून पाय खाटेखाली सोडले, तोंडाला ऑक्सिजन लावला, आयाला डॉक्टरांकडं पिटाळलं. डॉक्टर येईपर्यंत लघवी सुटायचं इंजेक्शन भरून तयार होतं. मग दोन हात, दोन पाय यांपैकी तिहींना रबरी पट्टे आवळायचे, म्हणजे रक्त तिथंच थोडं थबकतं आणि छातीवरचा भार हलका होतो. चौथा मोकळा ठेवायचा, आणि दर पंधरा मिनिटांनी पट्टा एकाचा काढून दुसऱ्याला. तेव्हाची ती रीत. पट्टे बदलायचं काम त्यांनी मला दिलं. अप्पा गेले असते तर ते माझ्या पाठ करण्यानं गेले असते, हे मला प्रत्येक पट्ट्यागणिक कळत होतं. दिवस कलायच्या सुमाराला भांडं भरलं. सिस्टरनी ते उजेडात धरलं. “सहाशे,” म्हणाल्या आणि पहिल्यांदाच स्टुलावर टेकल्या. अप्पा उशीला टेकून हळूहळू श्वास घेत होते.

मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. “तीसवर एक रेघ मार. खालचा आकडा दिसला पाहिजे. बाजूला खरं लिव, येळ घाल, सही कर.” माझी नोकरी जाईल, हे त्यांना कळत होतं, मलाही. मी लिहिलं. डॉक्टरांनी वाचून वर बघितलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “खोली माझी हाय, साहेब. जबाबदारी माझी. पोरीनं खरं सांगितलं म्हणून मला काय करायचं ते कळलं.” नोकरी राहिली.

अव्वा व्हरांड्यात तोंडात पदर कोंबून रडत होती. आता हिची धडगत नाही, असं मला वाटलं. सिस्टर तिच्याशेजारी खाली बसल्या. “उद्या बी आणा तांब्या. पण माझ्या हातात द्या. त्यांच्या बाटलीत तुमच्याच आडाचं भरू. मापात.” आणि पुढं अप्पा घरी जाईपर्यंत त्यांच्या बाटलीत निलंग्याचंच पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. दुसरं स्टूल नव्हतं, मी खोक्यावर बसले. मग त्या म्हणाल्या, “माझ्या बापाला असंच झालं होतं. बिलोलीहून नांदेडला आणला, माझ्याच वॉर्डात. पाणी मागायचा. मी मापानं द्यायचे. तिसऱ्या दिवशी गेला. त्या दिवशीचं पाणी बाटलीत तसंच राह्यलं होतं. माझा भाऊ तेराव्याला समद्या भावकीपुढं म्हणला, अक्कानं बापाला पाण्यावाचून मारलं. तवापासून येणं न्हाई, जाणं न्हाई.”

“पण तुमचं बरोबर होतं,” मी म्हटलं.

“हाव. बरोबर होतं. दिलं असतं तरी बाप राहत नव्हता. पण मी त्याच्याकडं बघून न्हाई म्हणले नव्हते गं. हिंमत झाली न्हाई. भिंतीकडं बघून म्हणले. तो मरताना माझी पाठच बघत राह्यला असंल.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “न्हाई म्हणायचं तर माणसाकडं बघून म्हणावं. काल तू पाठ केलीस ना, ते मला खिडकीपाशी चादरींच्या घड्या बघून, तक्ता बघायच्या आधीच कळलं होतं.”

पुढं त्यांची बदली झाली, मग निवृत्ती. लातुरातच एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. मी जायची अधूनमधून. गेल्यावर आधी माझी नाडी बघायच्या, मग चहा. मी त्याच सहा खाटांच्या खोलीची इन्चार्ज झाले, आणि एका सकाळी त्या स्वतःच दारात उभ्या राहिल्या. दम लागलेला, पाय सुजलेले. “रेणापूर, पायावर बोट दाब. खड्डा पडून राहिलाय.” बोट दाबलं. खड्डा पडला, भरेचना. त्या खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “आठशेची बाटली भर.”

त्यांना न विचारता मी बिलोलीला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं. दोन आठवडे गेले. एक दिवस डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. आता फार दिवस नाहीत, त्यांना हवं तेवढं पाणी द्या, म्हणाले. मी पेला भरून नेला. सिस्टरनी आधी पेल्याकडं आणि मग माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं असावं. “मापानं दे,” एवढंच म्हणाल्या.

त्याच दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला. धोतर, धुळीनं भरलेल्या वहाणा, हातात फिरकीचा तांब्या. आत यावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी म्हणाला, “अक्का.”

सिस्टरनी डोळे उघडले. त्याला ओळखायला त्यांना एक क्षणसुद्धा लागला नाही. “आजचं किती राह्यलं?” हे मला.

“एकशेवीस.”

त्यांनी उशीखालून ते काचेचं माप काढून त्याच्यापुढं धरलं. म्हाताऱ्यानं ओतलेलं पहिलं पाणी चादरीवरच सांडलं. दुसऱ्यांदा त्यानं तीसच्या रेघेपर्यंत नीट भरलं आणि त्यांच्या ओठांना लावलं. घोट घेताना त्या सारा वेळ त्याच्याकडं बघत होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “लिव.” मी लिहिलं, ‘दुपारी एक. भावाच्या हातचं पाणी, तीस मिली.’

“अजून देऊ का, अक्का?” त्यानं विचारलं.

“आत्ता न्हाई. चार वाजता.”

तो खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून राहिला. साडेतीनला मी नाडी बघायला गेले. बोटं ठेवली, पूर्ण एक मिनिट मोजलं, आणि मग अजून एक मिनिट. बोटांना काहीच लागलं नाही. डॉक्टर बघून गेले, तरी म्हातारा स्टुलावरून हलला नाही.

चार वाजता म्हाताऱ्यानं तांब्याची फिरकी काढली, माप तीसच्या रेघेपर्यंत भरलं आणि ते धरून माझ्याकडं बघत राहिला. मी पाठ केली नाही. त्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं, पण मला ‘नाही’ म्हणता आलं नाही.